रोपांचे आईबाप शोधताना : माझा अनुभव

जंगलाच्या एका तुकड्यातील प्रत्येक मोठ्या झाडाला क्रमांक देऊन, त्याचा घेर मोजून आणि पाने सिलिका जेलमध्ये वाळवून झाली, तेव्हा निम्मे काम संपले असे मला वाटले होते. खाली उगवलेली रोपे यांपैकी नेमकी कोणाची, एवढेच शोधायचे होते.

अडचण पहिल्याच तक्त्यात आली. मायक्रोसॅटेलाइट म्हणजे डीएनएतील पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, त्यांची लांबी झाडागणिक बदलते. अशा प्रत्येक स्थानी रोपाला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. पण या झाडांची फुले द्विलिंगी असल्यामुळे जुळणारी जोडी सापडली तरी तिच्यात बी कोणाचे आणि पराग कोणाचा, हे ठरेना. वाट सापडली ती कवचात. फळाचे कठीण कवच पूर्णपणे आईच्या पेशींचे असते. कोवळ्या रोपांच्या मुळाशी अजून चिकटलेली कवचे मी चिमट्याने सोडवली, त्यांवरची माती आणि बुरशी खरवडली आणि त्यांतून वेगळा डीएनए काढला. अशा एका स्थानी एका रोपाच्या आलेखात १८२ आणि १८८ ही शिखरे (म्हणजे दोन प्रतींच्या लांबीचे आकडे) होती, त्याच्या कवचात १८२ आणि १९४. म्हणजे १८२ आईची आणि १८८ परागातून आलेली. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

एखाद्याच स्थानी न जुळणारे झाड मी सुरुवातीला लगेच बाद करत असे. ती चूक होती. डीएनएच्या वाचनातील दोषानेही असे होते, म्हणून सगळे तक्ते पुन्हा तपासावे लागले.

थोड्याच झाडांनी बहुतेक रोपे दिली होती, कित्येकांचे एकही नव्हते. जनुकशास्त्रज्ञ सूअल राइट यांनी १९३१ साली मांडलेली प्रभावी समूहसंख्येची, म्हणजे जनुकीय विविधता टिकण्याच्या दृष्टीने समूह किती झाडांएवढा भरतो याची, कल्पना मला इथे खरी उमगली : शंभर झाडांच्या स्थिर समूहात प्रत्येक झाडाच्या प्रौढ होणाऱ्या संततीच्या संख्येचे प्रचरण (ती झाडागणिक किती कमीजास्त आहे याचे माप) २ असेल तर ही संख्या जवळजवळ १०० येते, ते १८ झाले की २० वर उतरते. रोपे म्हणजे प्रौढ झाडे नव्हेत, त्यामुळे हे गणित मी माझ्या आकड्यांना जसेच्या तसे लावले नाही. शिवाय एकाच आईच्या रोपांचे बाप अनेक निघाले आणि त्यांतले बरेच माझ्या तुकड्याबाहेरचे होते. तेवढी विविधता वाऱ्याने आणि कीटकांनी राखली होती.

पुढच्या हंगामात बी गोळा करताना भरघोस फळलेल्या झाडांखालून पोती भरणे मी थांबवले. प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी ठेवली, सगळ्यांकडून सारखेच बी घेतले आणि जेमतेम फळलेल्या झाडांसाठी दोनदा फेरी मारली.