हळदीचं प्रमाणपत्र आणि भावकी : माझा अनुभव

सांगली जिल्ह्यातल्या पलूस-वाळव्याकडच्या बायका लग्नाकार्यात भेटल्या की पहिला प्रश्न हाच, सेंद्रिय हळदीचं सर्टिफिकेट काढायला खर्च किती आला? आमचं सर्टिफिकेट पीजीएसचं, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी घ्यायच्या सरकारी पद्धतीचं. त्यात बाहेरचा तपासनीस येत नाही, त्यामुळं त्याची फी नाही. किमान 5 शेतकऱ्यांचा गट करायचा आणि गटानंच एकमेकांची रानं तपासायची. निर्यातीला हा कागद चालत नाही, देशातल्या बाजारापुरता आहे. पैसे कमी लागतात, पण बाकीचं बरंच लागतं.

सुरुवात सात-बाऱ्यापासून झाली. आमच्या बचत गटातल्या सगळ्याजणी रान कसणाऱ्या, पण उताऱ्यावर नाव नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचं. 1992 पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्यानं अर्ज दिला की बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. आमच्या मालकांनी सही केली. काही घरी मात्र ‘आत्ता काय घाई हाय?’ यावर विषय मिटला. तिथं सभासद म्हणून पुरुषाचं नाव आहे आणि बैठकीला, भरणीला (हळदीच्या बुडाला माती लावायला), वही लिहायला ती येते.

वहीचं काम कंटाळवाणं, पण सोपं. काय टाकलं, किती टाकलं, कधी टाकलं. जीवामृताचं ठरलेलं आहे : 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, 200 लिटर पाणी, एका एकराला. शेजारच्या उसावर मारलेलं तणनाशक वाऱ्यानं आपल्याकडं येऊ नये म्हणून बांधाला शेवरी लावली.

खरी कसोटी तपासणीला. जिनं माझं रान बघितलं तिचं रान त्या खेपेला मी बघायचं नाही, असं आम्ही आधीच ठरवलं होतं, नाहीतर ‘तू माझं पास कर, मी तुझं करते’ व्हायला वेळ लागत नाही. माझ्याकडं आलं जाऊबाईंचं रान. हळद भरणीला आलेली, पानं पिवळसर. अशा वेळी कुणाचाही हात युरियाकडं जातो. पंपाच्या खोलीत घडी घातलेलं एक पोतं होतं. जाऊबाई म्हणाल्या, ‘अगं, त्यात भुस्काट भरायचं हाय.’ मी पोतं उलटं केलं तर तळाच्या शिवणीत पांढरे दाणे अडकलेले. बरोबरच्या दोघी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. लिहिणारी मीच होते.

त्यांचा तो अर्धा एकर त्या हंगामात प्रमाणपत्रातून बाहेर ठेवला. संक्रांतीला त्या वाण घ्यायला आल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, ‘घरातलं घरात मिटवायचं सोडून कागदावर कशाला चढवलंस?’ घरातलं घरात मिटवायचं असेल तर हे प्रमाणपत्र घेऊच नये, असं मला आजही वाटतं. गटातल्या एकीनं युरिया लपवला तर शिक्का सगळ्यांचा खोटा ठरतो.

रासायनिक सोडून सेंद्रियाकडं वळायच्या संक्रमणाच्या काळात मिळतं ते पीजीएस-ग्रीन प्रमाणपत्र मिळालं आणि त्यासह हळद सांगलीच्या सौद्यात नेली. खरेदीदारानं हळकुंड मोडलं, आतला रंग बघितला, लांबी बघितली, भाव बोलला. कागद कुणी मागितलाच नाही. शेजाऱ्याच्या हळदीला जो दर, तोच आमच्या. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आहे, पण ते हळद कुठं पिकली ते सांगतं, कशी पिकवली ते नाही. शिवाय पाकिटावर ते लावायचं तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.

मग पावडर करायला लागलो. ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून साधारण पाचवा हिस्सा उरतो, म्हणजे 5 किलो ओल्या गड्ड्यांचं किलोभर हळकुंड. वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल आणि थेट गिऱ्हाइकाला विकत असाल, तर सेंद्रिय म्हणून विकायला प्रमाणपत्राची सक्तीही नाही, फक्त ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह लावता येत नाही. मग एवढं भांडण कशासाठी, असं घरचे विचारतात. ओळखीच्यांना कागद लागत नाही हे खरं, पण पुण्यातल्या दुकानदाराला आमच्या शब्दाशी काय देणंघेणं? तो चिन्ह बघतो. दर बरा मिळतोय तो तिथंच.

तो बरा दर भांगलण खाते. तणनाशक बंद म्हणजे खुरपं जास्त, आणि खुरपणाऱ्या बायका आमच्याच वस्तीतल्या. त्यांना कमी देऊन पर्यावरण वाचवायचं, हे मला पटत नाही. म्हणून सध्या गटात पैरा करतो, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. त्यात रोख पैसे जात नाहीत, म्हणून पुरुष मंडळी हिशेबात भांगलणीपुढं शून्य मांडतात आणि हळद फायद्यात दिसते. पैऱ्याची मजुरी खर्चात धरायची की नाही, हा पुढच्या बैठकीचा विषय आहे. मी धरायच्या बाजूची आहे, आणि या वेळी जाऊबाईही.