बाबांच्या स्लाइडवर अकरा

"तू तर रोज पेशीच तपासतेस. मग बाबांना वेळेवर का नाही सांगितलंस?" बाबांच्या दहाव्यापासून हे ऐकतेय. आधी मावशी, मग शेजारच्या काकू, परवा लॅबमध्ये नवी आलेली मुलगी. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहिते.

सांगितलं होतं. आकडा सांगितला, तिथंच चुकलं.

२००९ साली आम्हाला तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. आई-बाबा दोघांनी दिलं. दोघंही साठीला आलेले. बाबा रोज २० सिगारेट ओढायचे, आईनं कधी तपकीरही लावली नव्हती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ७२ तास वाढवायच्या, विभागताना दोन केंद्रकं झाली की तिथंच अडवायच्या, जिम्सा नावाच्या रंगानं रंगवायच्या आणि अशा १,००० पेशी मोजायच्या. गुणसूत्राचा तुकडा किंवा अख्खं गुणसूत्र मागे पडलं असेल, तर दोन जांभळ्या केंद्रकांशेजारी तिसरा बारीक ठिपका दिसतो. तो मोजायचा. स्लाइडवर नाव नसतं, नुसता क्रमांक. क्रमांक उलगडले तेव्हा बाबांचे ११ निघाले, आईचे १७.

रविवारी जेवताना बाबांनी विचारलं, "माझे किती?" मी सांगितलं. ते आईला म्हणाले, "बघ, ओढतो मी आणि बिघाड तुझ्यात!" आईच्या हातातला घास तसाच राहिला. "मला काही झालंय का गं?" मी तिला समजावत बसले. वयाबरोबर ठिपके वाढतातच, बायकांत जास्तच सापडतात, आपल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एखादं वय वाढेल तसं सुटून त्या ठिपक्यात जातं, हा आजार नव्हे. तेवढ्यात बाबा हात धुऊन गॅलरीत गेले. काडी ओढल्याचा आवाज आला.

"हे रक्त आहे बाबा, फुप्फुस नाही," असं मी म्हटलं होतं. मला म्हटल्याचं आठवतं. आई म्हणते, तू त्यांच्याशी बोललीच नाहीस.

आणि मला माहीत होतं. वेगवेगळ्या देशांतल्या ५,७१० जणांचे आकडे एकत्र करून २००३ सालीच छापलं होतं की सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात हे ठिपके सरसकट वाढलेले दिसत नाहीत. वाढ दिसली ती दिवसाला ३० किंवा त्याहून जास्त ओढणाऱ्यांत, तीही कामावर दुसऱ्या घातक गोष्टींशी संबंध नसलेल्यांत. धूर जिथं बसतो तिथं ही चाचणी पोचतच नाही.

पण बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. त्याच वर्षीच्या मे अखेरीस पाकिटांवर चित्रं आली, ती त्यांना दिसत नव्हती? सगळं माझ्याच आकड्यावर का?

२०१४ साली ते गेले. फुप्फुसाचा कॅन्सर. दोन वर्षांनी वाचलं की रोज एक पाकीट वर्षभर ओढलं, तर फुप्फुसाच्या एकेका पेशीत सरासरी १५० जनुकीय बदल साठतात. २०२० साली आणखी एक वाचलं. सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत जवळपास न बिघडलेल्या पेशी, अजून ओढणाऱ्यांच्या चौपट. बाबांनी २००९ मध्ये सोडली असती तर काय झालं असतं, हे त्यावरून सांगता येत नाही. तरी मी तो लेख पुन्हा पुन्हा काढते.

कधी वाटतं, सरळ ४० सांगायला हवे होते. मग वाटतं, तसं सांगून सोमवारी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावता आला नसता. आणि लगेच वाटतं, नसता आला तर नसता.

ती स्लाइड अजून पेटीत आहे. दोनदा पुन्हा मोजली. एकदा ११ आले, एकदा १२.