विकत आणलेल्या पिचरच्या सह्या

माझ्या कपाटात फक्त बाहेरून आणलेल्या पिचरच्या, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्यांच्या, सह्या का, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. घरी कोणी आलं आणि कपाटातले सही केलेले बेसबॉल पाहिले की प्रश्न ठरलेला असतो. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचे जुने चाहते जरा चिडूनच विचारतात, "हे सगळे बाहेरून आणलेले पिचर. आले, दोन-चार वर्षं राहिले, गेले. यांच्याच सह्या का? सीव्हर, डिग्रॉम असे क्लबने स्वतः घडवलेले, घरचे पिचर कुठे आहेत?" मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचा प्रश्न वेगळा असतो: एका माणसाच्या हातासाठी कोट्यवधी डॉलर मोजतात, ते वसूल होतात का? मला विचाराल तर हे दोन्ही प्रश्न एकच आहेत.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. संघात साधारण पाच स्टार्टिंग पिचर असतात आणि त्यांची पाळी ठरलेली असते, पाचव्या-सहाव्या दिवशी एकदा. त्या दिवशी पहिल्या चेंडूपासून माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, तोच उभा राहतो आणि शंभरेक चेंडू टाकतो. हंगाम १६२ सामन्यांचा, म्हणजे एकेका स्टार्टरच्या वाट्याला तीस-बत्तीस सामने येतात. या पाचांतला एक जरी कच्चा निघाला तरी दर पाचव्या दिवशी चाहत्याच्या पोटात गोळा येतो. असा पिचर घाईने तयार करता येत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत, न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडत असताना, आमच्यासारखी माणसं फोनवर एकच बातमी शोधत असतात: कोणता स्टार्टर येतोय?

तो येतो दोन वाटांनी. एक तर करार संपलेला मोकळा खेळाडू पैसे देऊन घ्यायचा, नाहीतर ट्रेड करायचा, म्हणजे आपली होतकरू पोरं देऊन दुसऱ्या संघाचा तयार पिचर आणायचा. माझं मत पक्कं आहे आणि मी ते कोणाशीही वाद घालून सांगते: पैसे द्यावेत, पोरं देऊ नयेत. पैसे गेले तर मालकाचे जातात. पोरं गेली तर आपली जातात, आणि पुढची दहा वर्षं दुसऱ्याच्या गणवेशात दिसत राहतात.

मेट्सच्या चाहत्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. १० डिसेंबर १९७१ रोजी क्लबने नोलन रायन नावाचा तरुण पिचर कॅलिफोर्निया एंजल्सना दिला, सोबत आणखी तीन खेळाडू दिले आणि जिम फ्रेगोसीला आणलं. फ्रेगोसीचा अंगठा पुढच्याच वसंतात सरावात मोडला आणि दीड हंगामात तो निघूनही गेला. रायनने कारकीर्द संपवली ती ५,७१४ स्ट्राइकआउट (पिचरने तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) आणि सात नो-हिटरवर (समोरच्यांना एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका, न देता टाकलेला पूर्ण सामना). हे दोन्ही विक्रम अजून कोणी मोडलेले नाहीत. मग ३० जुलै २००४. स्कॉट काझमिर, वीस वर्षांचा डावखुरा, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत घेतलेला. तो टँपा बेला दिला आणि व्हिक्टर झांब्रानोला आणलं. झांब्रानो त्या हंगामात मेट्सकडून तीन सामने खेळला आणि त्याचं कोपर दुखावलं. काझमिरने २००७ साली अमेरिकन लीगमध्ये सगळ्यांत जास्त, २३९ स्ट्राइकआउट घेतले आणि २००८ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना टँपासाठी त्यानेच सुरू केला. क्वीन्समध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या मेट्सच्या भागात, आजही झांब्रानोचं नाव काढलं की माणसं मान हलवतात. बिचाऱ्याचा त्यात काय दोष? किंमत त्याने ठरवली नव्हती.

आता माझ्या मतात न बसणारी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय सह्यांचं कोडं सुटायचं नाही.

२००८ च्या सुरुवातीला मेट्सने मिनेसोटाकडून योहान सांताना आणला. चार पोरं दिली: कार्लोस गोमेझ, फिलिप हंबर, डिओलिस गेरा आणि केव्हिन मल्व्ही. वर सहा वर्षांसाठी साडेतेरा कोटींहून जास्त डॉलरचा करार केला. त्या काळी कुठल्याही पिचरला एवढी रक्कम मिळालेली नव्हती. पहिल्या वर्षी तो अप्रतिम खेळला. मग खांदा गेला, २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली, २०११ चा पूर्ण हंगाम बुडाला. हिशेब करणाऱ्यांनी तेव्हाच वहीत तोट्याची रेघ मारली.

आणि मग १ जून २०१२, शुक्रवारची रात्र, मेट्सचं मैदान सिटी फील्ड, समोर सेंट लुईस कार्डिनल्स. मेट्स १९६२ पासून खेळतायत आणि तोवरच्या पन्नास वर्षांत, आठ हजारांहून जास्त सामन्यांत, आमच्या एकाही पिचरने नो-हिटर टाकला नव्हता. म्हणजे पूर्ण सामन्यात समोरच्यांना एकही हिट नाही. रायनने टाकले, पण इथून गेल्यावर. सीव्हरने टाकला, पण सिनसिनाटीसाठी. गुडन आणि कोन यांनी टाकले ते तर शहरातल्याच प्रतिस्पर्धी यांकीजसाठी. सांतानाच्या खांद्याची काळजी म्हणून मॅनेजर टेरी कॉलिन्सने त्या रात्री ११५ चेंडूंच्या आसपास थांबायचं ठरवलं होतं. सहाव्या इनिंगमध्ये कार्लोस बेल्ट्रानने मारलेला चेंडू डावीकडच्या रेषेचा चुना उडवून गेला, पण पंचाने फाउल, म्हणजे रेषेबाहेर, दिला. तेव्हा रिप्ले मागायची सोय नव्हती. सातव्यात याडिएर मोलिनाने मारलेला चेंडू माइक बॅक्स्टरने पळत जाऊन पकडला आणि तो तसाच भिंतीवर आदळला. बॅक्स्टर क्वीन्सचाच मुलगा. त्याला मैदान सोडावं लागलं, पण चेंडू हातातून सुटला नाही.

कॉलिन्सने सांतानाला काढलं नाही. त्या डगआउटमध्ये कोणीही असतं तरी काढू शकलं नसतं. १३४ वा चेंडू चेंजअप, म्हणजे फसवा संथ चेंडू, होता, डेव्हिड फ्रीझने बॅट फिरवली आणि चुकला. आमच्या घरात त्या रात्री मोठमोठ्याने आरडाओरडा झाला आणि शेजारची वृद्ध पोर्टो रिकन बाई दार वाजवून आत आली ती मला मिठी मारायलाच.

सांताना त्या ऑगस्टनंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, पुन्हा कधी उतरला नाही. २०१३ च्या वसंतात खांदा परत फाटल्याचं निघालं. त्या १३४ चेंडूंनी खांदा घालवला की तो जाणारच होता, यावर लोक अजून भांडतात. दिलेल्या पोरांपैकी गोमेझ पुढे मिलवॉकीकडून ऑल-स्टार झाला. आणि हंबरने २०१२ मध्येच २१ एप्रिलला, म्हणजे सांतानाच्या सहा आठवडे आधी, शिकागो व्हाइट सॉक्ससाठी परफेक्ट गेम टाकला. परफेक्ट गेम म्हणजे सत्तावीस फलंदाज आले, सत्तावीस गेले, एकही बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यावर, पोचला नाही. एकाच ट्रेडच्या दोन बाजूंना, एकाच वसंतात, अशा दोन रात्री. आता सांगा, हा सौदा नफ्याचा की तोट्याचा? मला तो हिशेब मांडावासाच वाटत नाही. ती रात्र माझ्या आयुष्यात आहे, आणि ती सांताना आला नसता तर नसती.

तर सह्यांचं उत्तर हे आहे. घरच्या पिचरला आपण पोरसवदा असल्यापासून बघतो, तो हळूहळू आपला होतो. विकत आणलेला माणूस एका दिवसात आपला होतो. काल ज्याला नावं ठेवत होतो त्याच्यावर आज अख्खा उन्हाळा सोपवायचा. चाहत्याचा एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्या प्रसंगी दिसत नाही. म्हणून मी सही घेते ती पहिल्याच वसंतात, फ्लोरिडातल्या पोर्ट सेंट लूसीच्या सराव शिबिरात. तोवर काहीच ठरलेलं नसतं. तो नो-हिटर टाकेल की जूनमध्ये कोपराची शस्त्रक्रिया करून घेईल, हे त्यालाही माहीत नसतं आणि मलाही. माझ्या चेंडूंवर सहीखाली फक्त वर्ष असतं. पुढे काय झालं ते मी लिहून ठेवत नाही.

आर. ए. डिकीचा चेंडू त्या कपाटात मधोमध आहे. पोरं न देता, जवळजवळ फुकटात मिळालेला माणूस कसा असतो याचं त्याच्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १९९६ मध्ये टेक्सस रेंजर्सने त्याला पहिल्या फेरीत निवडलं, ८ लाख १० हजार डॉलर देऊ केले. मग संघाच्या माणसांनी एका मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा हात जरा विचित्र लोंबताना पाहिला. तपासणीत निघालं की उजव्या कोपरात जो स्नायुबंध असायला हवा तो नाहीच. बोली ७५ हजारांवर आली. पुढची कितीतरी वर्षं तो या संघातून त्या संघात, मेजरमधून मायनरमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, फिरत राहिला आणि त्यातच नकलबॉल शिकला. बोटांची टोकं आणि नखं चेंडूत रुतवून तो असा सोडायचा की फिरकी जवळपास उरतच नाही, मग तो हवेत डुलत कुठेही जातो. २०१० मध्ये मेट्सने त्याला मायनर लीगच्या करारावर घेतलं तेव्हा तो पस्तिशीचा होता. २०१२ मध्ये २० विजय, २३० स्ट्राइकआउट, जूनमध्ये लागोपाठ दोन वन-हिटर आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार. नकलबॉल टाकणाऱ्याला तो तोवर कधीच मिळाला नव्हता.

आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट पुढे आहे. त्याच वर्षी जानेवारीत डिकी किलिमांजारो चढला. पाय मोडला तर करार रद्द होऊ शकतो असं क्लबने बजावलं होतं, तरी चढला. त्यातून त्याने एक लाख डॉलरच्या वर पैसे उभे केले ते बॉम्बे टीन चॅलेंज या संस्थेसाठी. कामाठीपुऱ्यात देहविक्रयात अडकवलेल्या बायका-मुलींना बाहेर काढायचं काम ही संस्था करते. पुढच्या जानेवारीत तो आपल्या दोन मुलींना घेऊन मुंबईला जाऊनही आला. मी ग्रँट रोडला कॉलेजला जायचे. ती गल्ली आम्ही मान खाली घालून, पावलं उचलून ओलांडायचो. टेनेसीचा एक पिचर आपल्या लहान मुलींना हाताला धरून तिथे जातो, याबद्दल मला जो आदर वाटतो तो कुठल्याही आकड्याने वाढणार नाही की कमी होणार नाही.

डिकीला क्लबने २०१२ च्या डिसेंबरातच टोरांटोला दिलं होतं. मला वाईट वाटलं, पण ट्रेड म्हणून तो उत्तम होता. पिचर नोआ सिंडरगार्ड आणि कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) ट्रॅव्हिस डार्नो हे दोघं मिळाले आणि २०१५ मध्ये दोघंही मेट्सकडून वर्ल्ड सिरीज खेळले. पोरं देणाऱ्याच्या नव्हे, घेणाऱ्याच्या बाजूला असावं, ते असं.

मॅक्स शर्झर आणि जस्टिन व्हर्लँडर या मेट्सने पैसे देऊन घेतलेल्या नामवंत पिचरांबद्दलही लोक विचारतात. वर्षाला प्रत्येकी चार कोटी तीस लाखांच्या वर डॉलर आणि २०२३ च्या मध्यात दोघंही ट्रेडमध्ये गेले. मला त्याचं दुःख नाही. क्लबने त्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा स्वतः भरला आणि बदल्यात तरुण खेळाडू घेतले, म्हणजे पैशाने पोरं विकत घेतली. माझ्या मताप्रमाणेच झालं. शर्झरचा २०२२ चा चेंडू कपाटात आहे आणि तो राहणार.

सही कशी घ्यावी हेही विचारता, तर तेही सांगते. चेंडूवर सहीसाठी निळं बॉलपेन न्या, साधं. मार्कर कार्डावर आणि फोटोवर चालतो. चामड्यावर मात्र त्याची शाई वर्षागणिक पसरते आणि अक्षरं सुजल्यासारखी दिसतात. चेंडूच्या दोन शिवणी जिथे सगळ्यांत जवळ येतात ती अरुंद जागा सहीची, तिला स्वीट स्पॉट म्हणतात. चेंडू देताना ती जागा वर करून, पेन उघडून द्या. नाहीतर घाईत तो छापील अक्षरांवरच सही करतो. एका डावखुऱ्या पिचरला मी पाहिलंय. त्याने चेंडू मांडीवर टेकवला, अंगठ्याने शिवण दाबून धरली आणि दोन बोटं सवयीने फास्टबॉलच्या पकडीत गेली. मग हसून पकड सोडली आणि सही केली. तुमचं नाव लिहायला सांगा. नाव लिहिलेला चेंडू बाजारात कमी किमतीला जातो, म्हणून विकणारे नाव नको म्हणतात. तुम्ही नाव सांगितलंत की तुम्ही कशासाठी आलात हे त्याला कळतं.

बाजारातून सही विकत घेऊ नका, घ्यायचीच तर मेजर लीगचा होलोग्रॅम पाहून घ्या. एफबीआयने नव्वदीच्या अखेरीस खोट्या सह्यांची एक मोठी टोळी पकडली, तिच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही होते. होलोग्रॅमची पद्धत त्यानंतर, २००१ पासून आली.

पिचर आणि कॅचर फेब्रुवारीच्या मध्यावर पोर्ट सेंट लूसीला हजर होतात. सकाळी लवकर जा, मागच्या मैदानांच्या कुंपणापाशी उभे राहा. लहान मुलांना पुढे जाऊ द्या. ज्याने काल चेंडू टाकले तो आज निवांत असतो, थांबतो, बोलतोही. ज्याची पाळी आज आहे त्याला हाक मारू नका.