ऑइलचा काटा, टेफ्लॉन टेप आणि अण्णा

मागच्या आठवड्यात ट्रकनं पुण्याला हळद टाकून रिकामा परत येत होतो. तासवडेच्या टोलला गाडी स्लो केली आणि ऑइल प्रेशरचा काटा सटकन शून्यावर येऊन परत वर गेला. मी काय केलं, तर काचेवर दोन टिचक्या मारल्या. काटा जाग्यावर बसला, म्हणलं जुनी गाडी आहे, चालायचंच, आणि निघालो. हे आधीच सांगून टाकतो कारण पुढं बरंच शहाणपण शिकवणार आहे, तर आधी माझं गाढवपण कळू दे.

कराड गेलं, पेठ नाका गेला, सांगलीत मार्केट यार्डाच्या गेटवर गाड्यांची लाइन लागलेली, इंजिन गरम, स्लोला गुरगुरतंय, आणि आता काट्याच्या जोडीला लाल दिवापण. लागतोय, विझतोय, परत लागतोय. ह्या वेळी टिचकी मारायची हिंमत झाली नाही, तिथंच चावी बंद केली. मागच्यांनी हॉर्न मारून मारून डोकं खाल्लं, शेवटी सात-आठ हमाल आणि आमचा किन्नर (क्लीनर) पोरगा, सगळ्यांनी मिळून गाडी कडेला ढकलली, रिकामी होती म्हणून बरं.

दहा-पंधरा मिनिटं थांबून ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल दोन खुणांच्या मधोमध. वास घेतला, डिझेलचा वास नाही (डिझेल मिसळलं की ऑइल पाण्यासारखं होतंय आणि प्रेशर पडतंय). जवळचा एक फिटर आला, त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, मेटल (क्रँकची बेअरिंगं) गेलंय, हाफ इंजिन (अर्धं इंजिन खोलून काम) करायला लागणार, सत्तर-ऐंशी हजार धरून चाल. माझ्या पोटात गोळा आला कारण मागचा हप्ताच अजून भरायचा होता.

अण्णांना फोन लावला. अण्णांनी तीस वर्षं गाडी चालवली, आता गुडघ्यामुळं घरी असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणले, "दिवा लागला म्हणजे प्रेशर गेलं असं तुला कुणी सांगितलं? आरं, आयर्विन पुलाला पाणी किती लागलंय ते पुलावर जाऊन बघायचं असतंय, व्हॉट्सॲपवर नव्हं."

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं पावसाळ्यात माणूस भेटला की जेवलास का विचारत नाहीत, पाणी किती फूट झालं विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या महापुरानंतर तर कोयनेचे दरवाजे उघडले म्हणलं की निम्मी सांगली सामान वर चढवायला लागते. आणि मेसेज फिरत असतोय पन्नास फुटाचा, पुलावर जाऊन बघावं तर आकडा बत्तीस. काट्याला आणि दिव्याला प्रेशर कळवणारा सेन्सर म्हणजे तो मेसेज. खरा पण असतोय, खोटा पण.

आमच्या गाडीचा सेन्सर म्हणजे डबीएवढं एक डबडं, इंजिनच्या ब्लॉकला आट्यांनी बसवलेलं. आत पातळ पडदा असतोय, ऑइलनं पडदा दाबला की आतला हात रेझिस्टन्सच्या तारेवर सरकतोय. प्रेशर शून्य असलं की साधारण १० ओहम, फुल्ल असलं की १८० च्या आसपास. म्हणजे काट्याची वायर सेन्सरवरनं काढून मोकळी सोडली तर काटा फुल्ल जाणार, आणि तीच वायर इंजिनच्या बॉडीला टेकवली तर शून्यावर येणार. दिव्याची वायर वेगळी, तिचं उलटं: मोकळी सोडली तर दिवा बंद, बॉडीला टेकवली तर चालू. दोन वायरी, तिसरी नाहीच. अर्थ (अर्थिंग, म्हणजे मायनस) सेन्सरच्या आट्यांतनं ब्लॉकला मिळतोय. हे वाक्य लक्षात ठेवा, मी विसरलो होतो.

चावी ऑन करून (इंजिन चालू न करता) दोन्ही वायरी मोकळ्या करून, टेकवून बघितल्या. काटा फुल्ल, काटा शून्य, दिवा बंद, दिवा चालू, सगळं शिस्तीत. म्हणजे वायरिंग चांगलं, मीटर चांगला. उरले दोघंच, सेन्सर नाहीतर खरंच प्रेशर. आणि वायर काढली तेव्हा पिनांच्या बुडातनं ऑइल पाझरलेलं दिसलं, वायरीच्या आतपर्यंत काळं झालेलं. तिथंच मला निम्मा धीर आला. पण निम्माच.

चोवीस व्होल्टची गाडी, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, मायनस काढून ठेवला. इंजिन गार होऊ दिलं. स्टिअरिंग फुल्ल वळवून पुढच्या चाकाच्या मागनं हात घातला, तेवढीच वाट. आता एक गोष्ट, ते डबडं पाइप पान्यानं धरून फिरवायचं नाही. डबडं पत्र्याचं असतंय, ते पिरगाळतंय आणि पितळी आटे ब्लॉकमध्ये तुटून राहतात, मग बसा ड्रिल घेऊन. डबड्याच्या खाली मानेला षटकोन असतोय, त्याला फिक्स पाना लावायचा, माझ्या सेन्सरला १९ चा लागला. आजूबाजूची धूळ आधी ब्रशनं आणि डिझेलच्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर सेन्सर काढला की ती माती सरळ ऑइलच्या वाटेत. ऑइल सगळं काढायची गरज नाही, सेन्सर निघाल्यावर कपभर पडलं असेल, ते पण माझ्या बाहीत.

त्याच भोकात मेकॅनिकल गेज बसवला, ओळखीच्या एका वायरमन मामांकडनं तासाभरासाठी आणलेला. ह्यात वीज-बीज काही नाही, ऑइल नळीतनं सरळ गेजमध्ये जातंय, म्हणजे हा झाला पूल. बॅटरी जोडली, किन्नर पोराला केबिनमध्ये बसवलं, सांगितलं मी हात वर केला की लगेच बंद. स्टार्ट. दोन सेकंदात काटा चार बारच्या (बार म्हणजे प्रेशरचं माप) वर. गार ऑइल जाड असतंय म्हणून एवढ्यावर खूष व्हायचं नाही, खरी परीक्षा गरम इंजिन आणि स्लो. पंप इंजिनबरोबर फिरतोय, स्लोला ऑइल कमी ढकलतोय, आणि गरम ऑइल पातळ होऊन मेटलच्या फटीतनं लवकर निसटतंय. शेतात पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं की धार लांब जाते ना, ती फट म्हणजे अंगठा. मेटल झिजलं की अंगठा ढिला, मग पंप कितीपण चांगला असू दे प्रेशर धरत नाही. अर्धा तास गरम केलं, घाम निघाला (माझा), स्लोला दीड बारच्या पुढं, रेस केली की चार. फिटर तोवर चहा पिऊन परत आला होता, त्यानं गेज बघितला आणि म्हणला, "मग सेन्सरच असंल." व्हय, सेन्सरच असंल!

आता दुकान. पहिल्यांदा नुसता गाडीचा नंबर-मॉडेल सांगून सेन्सर आणला, दिसायला जुळा भाऊ. हातानं दीड आटा गेला आणि अडकला. मी पाना उचललाच होता, पण काहीतरी चुकतंय वाटलं म्हणून थांबलो, आणि बरं झालं थांबलो. आमच्या ब्लॉकचे आटे १/८ एनपीटी (पाइपाच्या आट्यांचं अमेरिकन माप), निमुळते, इंचाला २७. आणलेला सेन्सर एम१० चा, आटा बरोबर १ मिलिमीटरचा आणि सरळ. जाडी दोन्हीची जवळजवळ सारखीच, दहा मिलिमीटर, डोळ्याला फरक कळतच नाही. पाना लावून दाबला असता तर पाचशे-सातशेच्या वस्तूसाठी ब्लॉकचे आटे गेले असते. दुसऱ्या फेरीला जुना सेन्सर खिशात घालून गेलो, दुकानदारानं थ्रेड गेज लावून बरोबरचा काढून दिला. खिशाला अजून ऑइलचा डाग आहे, बायकोनं तो शर्ट आता गॅरेजचा म्हणून वेगळा टाकलाय.

आणि इथं मी ती चूक केली. निमुळते आटे, गळू नये म्हणून नळाला लावतात तसा टेफ्लॉन टेप चांगला पाच वेढे मारला. मस्त बसला. वायरी जोडल्या, चावी ऑन केली, दिवा बंद! मी खूष. अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, म्हणलं बघा, दिवा गेला.

अण्णा म्हणले, "इंजिन चालू आहे का?"

"नाही."

"मग दिवा का नाही?"

मी गप्प.

"आणि काटा कुठं आहे दाखव." काटा फुल्ल. बंद इंजिन आणि दहा बार प्रेशर. अण्णा एवढं हसले की आई आतनं काय झालं म्हणून बघायला आली.

टेपानं अर्थ तोडला होता. आट्यांतनं जो अर्थ ब्लॉकला मिळायचा, त्याच्यात मी प्लॅस्टिकची गादी घातली होती. ज्या सेन्सरला अर्थाची पिन वेगळी असते, त्याला हे बाधत नसेल पण आमच्यासारख्याला बाधतंय. आणि वाईट काय, तशीच गाडी घेऊन गेलो असतो तर उद्या खरंच ऑइल संपलं असतं तरी दिवा लागला नसता आणि काटा फुल्लवर ऐटीत बसला असता. परत काढला. टेपाचा बारीक तुकडा पहिल्या आट्याला लोंबकळत होता, तो आत गेला असता तर ऑइलच्या वाटेत अडकला असता, ते अजून वेगळंच. तारेच्या ब्रशनं आटे साफ केले, मधल्या आट्यांना लिक्विड सीलरचा एक थेंब, पुढचे दोन आटे कोरे. हातानं जाईल तेवढा फिरवून मग पान्यानं साधारण दीड फेरी. जास्त ताकद लावायची नाही, निमुळता आटा जितका आवळाल तितका ब्लॉकला फाकवतोय.

चावी ऑन: दिवा चालू, काटा शून्य. स्टार्ट: दिवा गेला, काटा चारच्या वर. टॉर्च मारून बुडाला बघितलं, पेपर फिरवून बघितला, कोरडा. अर्धा तास चालवून परत बघितला, कोरडा. ऑइलची पट्टी बघून पावशेर वर टाकलं, इंजिनात आहे तेच, १५डब्ल्यू-४० ग्रेडचं.

जुना सेन्सर अण्णांना नेऊन दिला. त्यांनी कानाशी धरून हलवला, आत ऑइल डचमळत होतं. मला वाटलं टाकून देतील, तर फडक्यात गुंडाळून टूल बॉक्समध्ये ठेवला, आटे मापायला होईल म्हणले. परवा तासगावातनं बेदाणा भरला, जाऊन आलो, काटा हलला नाही. हॉर्न मात्र त्या दिवसापासनं वाजत नाही, बहुतेक वायरीत हात घालताना काहीतरी ओढलंय. रविवारी बघतो.