झाकलेला पट्टा उघडला तो दिवस

२०१२ सालच्या मे-जूनमध्ये आम्ही ज्याचा शोध घेत होतो, तेच बघायला आम्हाला मनाई होती. ही मनाई सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या आमच्या सीएमएस प्रयोगाने स्वतःच स्वतःवर घातली होती. आदल्या डिसेंबरात १२५ जीईव्ही (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक) वस्तुमानाच्या आसपास हिग्ज बोसॉन या तोवर न सापडलेल्या कणाची चाहूल लागली होती. अशी चाहूल लागली की निकष ठरवताना मन नकळत तिकडेच झुकतं. म्हणून ८ टीईव्ही (८ हजार जीईव्ही) ऊर्जेच्या टकरींच्या नव्या डेटातला तेवढा पट्टा झाकून ठेवायचा, सगळं विश्लेषण आधी पक्कं करायचं आणि मगच तो उघडायचा, असं ठरलं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतून तिथे गेल्यावर मी दोन फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, विश्लेषणात होते. हजार हिग्जपैकी दोनच्या आसपास दोन फोटॉनांत विघटित होतात. त्यांची ऊर्जा मोजतात लेड टंगस्टेटचे सुमारे ७६ हजार स्फटिक. दिसायला काचेसारखे स्वच्छ, पण उचलले तर पोलादाहून जड. किरणोत्साराने ते किंचित काळवंडतात, टकरी थांबल्या की हळूहळू निवळतात. म्हणून त्यांत सतत लेसरचा प्रकाश सोडून पारदर्शकता मोजायची आणि त्यानुसार ऊर्जा दुरुस्त करायची. दुरुस्ती बरोबर आहे का, हे झेड बोसॉन हा आधीपासून नीट माहीत असलेला कण सांगतो: इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांतून त्याचं शिखर ९१ जीईव्हीवर नीट उभं राहिलंच पाहिजे. ते जरा जरी पसरलं, तरी हिग्जचा उंचवटा पार्श्वभूमीत विरून जाणार.

जूनच्या मध्यावर पट्टा उघडला. खोली खचाखच भरली होती. दोन फोटॉनांचा आलेख पडद्यावर आला. उतरत जाणारी रेघ आणि १२५पाशी उंचवटा. माझ्या पोटात गोळा आला. आमच्या दुरुस्तीनेच तर तो उभा केला नसेल ना? मग हिग्जच्या दुसऱ्या विघटनाचा, चार लेप्टॉनांचा (इलेक्ट्रॉन किंवा त्यांचे जड भाऊबंद म्युऑन) आलेख आला. मोजक्याच घटना, पण त्याच जागी जमलेल्या. त्यांतल्या काहींत चारही म्युऑन होते आणि म्युऑनांची मोजणी आमच्या स्फटिकांवर मुळीच अवलंबून नसते. तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

बाहेर काही बोलायचं नव्हतं. कँटीनमध्ये अ‍ॅटलास या सर्नमधल्याच दुसऱ्या प्रयोगातली मैत्रीण भेटली, आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आईलाही फोनवर "काम जोरात चाललंय" एवढंच सांगितलं. टकरी चालूच होत्या, त्यामुळे संध्याकाळी ताज्या डेटातलं झेडचं शिखर तपासायला बसले.

अ‍ॅटलासचा उंचवटाही १२६च्या आसपासच आहे, हे मला ४ जुलैला, निकाल जाहीर झाले तेव्हा, सगळ्या जगाबरोबर कळलं.