मालवण-आंबोली: आधी घाट, मग समुद्र

जुलैत आंबोलीचा धबधबा भरभरून कोसळतो, पण दर्या खवळलेला, त्यामुळे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा बंद. डिसेंबरात होड्या चालू, तर धबधब्याला जेमतेम धार. दोन्ही हवं असेल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरा.

शनिवारी सावंतवाडीला उतरून थेट घाट गाठा, साधारण ३० किलोमीटर. आंबोली रविवारवर ढकलू नका. घाटात गाड्यांची रांग लागली की परतीची गाडी चुकलीच. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, गुळगुळीत तळव्यांच्या चपला नकोत. मुक्काम मालवणला. रविवारी किल्ला सकाळीच उरका, मग तारकर्ली. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी मात्र पोहू नका, ओहोटीला पाण्याची ओढ जबर असते. परतीला कुडाळ स्टेशन जवळ.