आमची वाटचाल: हिऱ्यापेक्षा जास्त रंग फेकणारा खडा, आणि तो आम्ही अंगठीसाठी का देत नाही

आमची फर्म छोटीच आहे, मी, धाकटा भाऊ आणि दोन कारागीर. सुरुवात जॉबवर्कनी झाली, म्हणजे लोकांचं रफ (न कापलेले कच्चे खडे) घ्यायचं, पैलू पाडायचे, पॉलिश करून परत द्यायचं. अ‍ॅमेथिस्ट, सिट्रीन, गार्नेट हेच रोजचं काम, हात बसला की माल निघत राहतो. मग एका पार्टीच्या गार्नेटच्या लॉटमधे थोडे पिवळट हिरवे तुकडे मिसळून आले, पार्टी म्हणाली हे पण कापून टाका, आणि त्यातला पहिला खडा पॉलिश होऊन दिव्याखाली धरला तर आतून लाल, नारिंगी, हिरवा असे ठिपके उडायला लागले. तो स्फीन होता. आज आमचा निम्म्याहून जास्त धंदा ह्याच खड्यावर चालतो.

ओळखायला तसा सोपा आहे. खडा प्रकाश किती वाकवतो ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला तर रीडिंगच येत नाही, कारण नेहमीचं मशीन १.८१ पर्यंतच वाचतं आणि ह्याचा वक्रीभवनांक (म्हणजे तोच आकडा) साधारण १.८८ पासून २.०५ पर्यंत जातो. वजनाला म्हणाल तर घनता ३.५ च्या आसपास, म्हणजे जवळपास हिऱ्याइतकीच. पण खरी गंमत भिंगात आहे. दहापटीचं भिंग घ्या, वरच्या सपाट टेबलातून आत बघा, खालच्या पैलूंची प्रत्येक कड दोन दोन दिसते, आणि दोन रेषांमधली फट इतकी मोठी की नवीन माणसाला वाटतं आपलाच फोकस चुकलाय. झिरकॉनमधे पण कडा अशा दुहेरी दिसतात, कारण आत शिरलेला प्रकाश दोन भागांत फुटतो, पण त्या दोन भागांच्या वक्रीभवनांकातला फरक तिथे जास्तीत जास्त ०.०५९, इथे ०.१ च्या वर. म्हणून स्फीन थोडा धूसर, मखमली दिसतो. काही लोकांना हे आवडत नाही, मला विचाराल तर त्याचं निम्मं सौंदर्य त्यातच आहे.

बाकीचं निम्मं म्हणजे फायर. पांढरा प्रकाश फोडून रंग वेगळे करण्याचा आकडा हिऱ्याचा ०.०४४ आणि स्फीनचा ०.०५१. हे सांगितलं की गिऱ्हाईक लगेच म्हणतं मग अंगठीत बसवून द्या ना, आणि तिथेच आम्हाला नाही म्हणावं लागतं. कारण काठिण्य (मोह्सच्या १ ते १० मापावर) ५ ते ५.५, साध्या काचेच्या बरोबरीचं. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात त्यांचं ७, म्हणजे रोज वापरातला खडा नुसता रुमालाने पुसला तरी ओरखडे पडणार, पैलूंच्या कडा बोथट होणार आणि मग ती फायर गेलीच. पेंडंट चालेल, कानातलं चालेल. अल्ट्रासॉनिकमधे (ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या मशीनमधे) टाकायचा नाही, वाफेने साफ करायचा नाही, कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश बास. आमच्याकडून गेलेला एक सुंदर खडा पेंडंटची कडी बदलताना सोनाराने खडा न काढताच गॅसचा टॉर्च मारला म्हणून फुटला, तेव्हापासून प्रत्येक पाकिटात उष्णतेपासून लांब ठेवा अशी चिठ्ठी जातेच जाते.

हे सगळं आधीच सांगितल्यामुळे बरीच गिऱ्हाइकं निघून गेली, सुरुवातीला पोटात गोळा यायचा. पण जे राहिले ते कलेक्टर. त्यांना खडा घालायचा नसतोच, डबीतून काढून बघायचा असतो, आणि ते एक घेऊन थांबत नाहीत.

त्यांचे प्रश्नही वेगळे. कुठला आहे (मादागास्कर, पाकिस्तान, श्रीलंका, ब्राझील इकडून माल येतो), तापवलाय का (तपकिरी खडा तापवून नारिंगी लालसर करता येतो, केला असेल तर आम्ही बिलावर लिहितो), आणि लॅबच्या रिपोर्टवर टायटॅनाइट का लिहिलंय. तर खनिजशास्त्रात १९८२ पासून अधिकृत नाव टायटॅनाइट, बाजारात अजून स्फीनच, वस्तू एकच, कॅल्शियम आणि टायटॅनियमचं सिलिकेट. भूगर्भशास्त्रवाले ह्याच्या कणांवरून खडकाचं वय काढतात कारण ह्यात थोडं युरेनियम अडकलेलं असतं, हे ऐकून एक कलेक्टर इतके खूश झाले की त्यांनी दुसरा खडा घेतला!

रंगाबाबत माझं मत सरळ आहे. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाचा क्रोमवाला (क्रोमियममुळे रंग आलेला) गडद हिरवा दुर्मिळ म्हणून सगळे मागतात, पण रंग जितका गडद तितकी फायर झाकली जाते. मला फिकट पिवळट हिरवाच बरा वाटतो. आणि स्वच्छ खडा पाच कॅरेटच्या वर क्वचितच मिळतो, आत थोडे डाग, रेघा असणारच.

कटिंग मात्र डोकेदुखी आहे. दगड मऊ, ठरावीक दिशेने चिरतो, कापताना खडा काडीवर चिकटवावा लागतो, तिथे गरम लाखेची उष्णता नको म्हणून आम्ही गोंदावर चिकटवतो, पॉलिशला गार्नेटच्या दुप्पट वेळ. शिवाय टेबल कुठल्या दिशेला ठेवायचं हा वाद रोजचा. प्रकाशीय अक्षाकडे (ज्या दिशेने प्रकाश दोन भागांत फुटत नाही तिकडे) वळवलं तर दुहेरीपणा कमी दिसतो पण वजन जातं, वजन धरलं तर धूसर. थोडा धूसरपणा मला आवडतो, पण अति नको म्हणून मी वजन सोडतो, भाऊ चिडतो.

विक्रीत सगळ्यात जास्त फरक पडला तो व्हिडिओने. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात स्फीन अगदी मुका दिसतो, उन्हात किंवा एका छोट्या एलईडीखाली पेटतो. आता भाऊ दोन्ही उजेडात व्हिडिओ काढतो आणि दोन्ही पाठवतो, त्यामुळे माल परत येणं जवळजवळ बंदच झालं.

आता सोबत डिमँटॉइड (हिरवा गार्नेट) आणि स्फॅलराइट (जस्ताचं खनिज) हेही ठेवतो. स्फॅलराइटची फायर ०.१५६, म्हणजे स्फीनच्या तिप्पट, पण काठिण्य जेमतेम ३.५ ते ४, तो तर पॉलिश करतानाच जीव घेतो. आणि हो, कानातल्यासाठी स्फीनची जोडी हवी असेल तर बरंच आधी सांगा, हा खडा तीन दिशांनी तीन वेगळ्या छटा दाखवतो, त्यामुळे एकाच रफमधून दोन्ही कापले तरी रंग जुळेलच असं नाही.